हातात दिलेली जर्सी

मला फुटबॉल येत नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय आणि कॉलेज माझ्यावर गौरवअंक काढतंय. अंकाचं काम बघणाऱ्या तरुण प्राध्यापकाने मला कच्चा मजकूर वाचायला दिला. त्यात मी जन्मतःच बूट घालून आले होते असं वाटावं इतकं काय काय लिहिलंय. प्रत्यक्षात मी कॉलेजची क्रीडाशिक्षिका, तीही खो-खोची. प्राचार्यांनी एका सकाळी बोलावून सांगितलं की विद्यापीठाने मुलींच्या फुटबॉलच्या स्पर्धा सुरू केल्यात, आपला संघ पाहिजे. मी म्हटलं, "सर, चेंडूला हात लावायचा नाही, एवढंच मला त्यातलं माहीत आहे." ते म्हणाले, "मग पुरे आहे."

पहिल्या वर्षी आम्ही एका सामन्यात अकरा गोल खाल्ले. त्या अपमानाने मी शिकले. मुलांचे सामने असतील तिथे जाऊन गोलच्या मागे उभी राहायची, एका म्हाताऱ्या पंचाला चहा पाजून नियम विचारायची. तिसऱ्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन करंडक जिंकला आणि मग जिंकतच गेलो. माझा संघ देखणा कधीच नव्हता. आम्ही गोल कमी करायचो आणि खायचो त्याहून कमी. एक गोल झाला की सगळ्या मुली मागे येऊन भिंत करून उभ्या राहायच्या. दुसऱ्या कॉलेजचे प्रशिक्षक म्हणायचे, मॅडमचा संघ म्हणजे बंद दरवाजा. मला ते आवडायचं.

आमच्याकडे एक पद्धत होती, ती मीच पाडली होती. संघाची यादी मी कधी फळ्यावर लावली नाही. सामन्याच्या सकाळी मुली ओळीने उभ्या राहायच्या, मी एकेकीसमोर जाऊन तिची इस्त्री केलेली जर्सी दोन्ही हातांवर धरायची. जिला कुठे दुखतंय, ताप आहे, पोटात कळा आहेत, तिने हात मागे बांधायचे. मी एक शब्द न विचारता पुढे जाणार. जर्सी घेतली म्हणजे ती खेळायला ठीक आहे, असा अर्थ. या पद्धतीचं फार कौतुक झालं. एका शिबिरात मी यावर भाषणसुद्धा ठोकलं: खेळाडूला स्वतःच्या शरीराचा निर्णय स्वतः घेऊ द्या वगैरे. टाळ्या पडल्या. इतक्या वर्षांत हात मागे बांधणाऱ्या मुली मी बोटांवर मोजू शकते, ही गोष्ट मात्र भाषणात आली नाही. माझ्याही तेव्हा लक्षात आली नव्हती.

आता त्या मुलीबद्दल. ती खापरखेड्याहून यायची. वडील वीज केंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला, आई नाही, घरी ती आणि वडील दोघंच. उंच, काटक, बोलायला कमी. मी तिला स्टॉपर केलं, म्हणजे गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत. तीन वर्षं तिच्या अंगावरून चेंडू फारसा गेला नाही. पण फुटबॉल हे तिचं ध्येय नव्हतं. तिला पोलीस व्हायचं होतं. पहाटे कॉलनीच्या रस्त्यावर ती आठशे मीटर धावायची, वडील सायकलच्या कॅरियरवर बसून मोबाइलवर वेळ लावायचे. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपायच्या आधी हे करायचा. ती मला सांगायची, "मॅडम, आज बाबानं तीन सेकंद कमी पकडले." ठेकेदाराचं काम कधी सुटेल याचा नेम नव्हता, त्या घराची सगळी भिस्त तिच्या भरतीवर होती आणि हे मला पूर्ण ठाऊक होतं.

तिच्या शेवटच्या वर्षी उपांत्य फेरीत तिचा उजवा गुडघा मुरगळला. आम्ही जिंकलो. आरडाओरडा, फोटो, समोसे. परतताना कॉलेजच्या फाटकाशी बस थांबली आणि मुली धडाधड उतरल्या. ती सर्वांत शेवटी उतरली. आडवी होऊन, दांडा दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय ताठ टेकवून मग डावा शेजारी आणत. मी बसच्या मागच्या बाजूला उभी होते. मी ते पाहिलं. तिनेही मला पाहताना पाहिलं असावं अशी शंका मला तेव्हा आली होती, पण मी मोबाइल कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं.

अंतिम सामना एक दिवस सोडून होता. भरतीची मैदानी चाचणी पाच आठवड्यांवर.

त्या सकाळी मी ओळीपुढून चालत आले आणि तिच्यासमोर थांबले. तिने गुडघ्याला पट्टी बांधून वर लांब मोजा ओढला होता. मी जर्सी पुढे धरली. तिने हात लगेच पुढे केले नाहीत. मागेही नेले नाहीत. ते दोन्ही बाजूंना तसेच लोंबत होते आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मला म्हणता आलं असतं, बस वं आज. तीन शब्द. तिच्या जागी खेळेल अशी रामटेकची एक मुलगी होती, धांदरट होती पण होती. मी काहीच म्हटलं नाही. जर्सी थोडी आणखी पुढे केली. तेव्हा तिने घेतली.

उत्तरार्धात आम्ही एका गोलने पुढे होतो. बारा-एक मिनिटं उरली असताना ती एका उंच चेंडूवर उडाली, तो डोक्याने बाहेर काढला आणि खाली आली ती उजवा पाय आत वळूनच. ती ओरडली नाही. मैदानावर एका हाताने गवत धरून बसून राहिली. बदली खेळाडू माझ्याकडे होती. पण त्या धांदरट मुलीवर भिंत सोपवायची माझी तयारी नव्हती. आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे: लंगडणाऱ्या खेळाडूला पार पुढे नेऊन उभं करायचं. ती काही करत नाही, पण समोरच्यांचा एक खेळाडू तिच्यावर नजर ठेवण्यात अडकतो. मी हाताने खूण केली. ती उठली, लंगडत पुढे गेली आणि शिट्टी वाजेपर्यंत एका पायावर उभी राहिली. आम्ही जिंकलो.

त्या सामन्याचा फोटो गौरवअंकाच्या मुखपृष्ठावर येणार आहे. मधोमध ती, हातात करंडक, दोन मुलींनी तिला बगलेतून धरलंय. खाली ओळ आहे: 'जिद्द'. मला तो फोटो बघवत नाही.

रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेले. वडील कामावरून तसेच आले होते, कानांच्या मागे कोळशाची भुकटी. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वळवून पाहिला आणि विचारलं, "आधी काही दुखापत होती का?" ती तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "नाही. सामन्यातच झालं. त्याआधी काही नव्हतं." उचलली जीभ, लावली टाळ्याला. का म्हणाले? वडील शेजारी उभे होते म्हणून. त्यांच्यासमोर मला 'मला माहीत होतं' म्हणायचं नव्हतं. ती जमिनीकडे बघत राहिली. तिचं गप्प बसणं मी माझ्या सोयीने समजून घेतलं.

एमआरआयमध्ये लिगामेंट पूर्ण तुटलेलं निघालं, आणि डॉक्टरांनी बाप-लेकीला हेही सांगितलं की ही सूज एका दिवसाची नाही, गुडघा आधीच दुखावलेला होता. तेव्हा मी तिथे नव्हते. हे मला फार नंतर कळलं.

ती भरती गेली. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले, दोन वर्षांनी पुन्हा भरती निघाली तेव्हा ती पळाली. दुसऱ्या फेरीला गुडघा सुजला आणि शेवटचा टप्पा तिने चालत पूर्ण केला. मी त्या दिवशी दुसऱ्या गावी संघ घेऊन गेले होते. नंतर फोन करीन म्हटलं आणि केला नाही.

परवा प्राध्यापकाने सत्कारात बोलणाऱ्या माजी खेळाडूंची यादी आणली. पहिलंच नाव तिचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. ती चार लोकांत काय बोलेल, ही भीती. म्हणून मी तिला शोधत गेले, प्रेमाने वगैरे नाही. ती एका खासगी इस्पितळाच्या दारात सुरक्षारक्षक आहे. निळा गणवेश, टोपी, पट्टा. येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासायच्या, बारा तास उभं राहायचं. मला पाहून तिचा चेहरा उजळला. "जय भीम मॅडम," म्हणाली आणि पाया पडायला वाकली. उजवा पाय लांब सरळ ठेवून, भिंतीला हात लावून वाकली. मी तिला धरून उभं केलं.

सत्काराला नक्की येईन म्हणाली, सुटी मिळाली तर. मग मला राहवलं नाही. इतकी वर्षं पोटात धरलेलं एकदम बाहेर आलं. "त्या दिवशी तुझा पाय दुखत होता. मी पाहिलं होतं, बसमधून उतरताना."

"माहीत आहे मॅडम," ती म्हणाली. एका बाईची पिशवी तिने तपासली, तिला आत सोडलं. "जर्सी देल्ली तवा मी तुमच्याकडंच पाहून राहिली होती. तुम्ही मांगं घ्यान असं वाटे मले."

"तू हात मागे का नाही बांधलेस?"

"मॅडमनं समोर धरल्यावर हात मांगं कोण नेते?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मी काय करू, असं मी तिला विचारलं. लाज सोडून विचारलं. तिने टोपी सारखी केली. "माह्यासाठी काही नोका करू. फक्त बाबाले सांगून द्या. डॉक्टरनं पाय आधीचा दुखावला होता म्हटलं तवापासून त्याइले वाटते, का मी एका कपासाठी सगळ्याइपासून लपवलं. तुमच्यापासून भी. पाच वर्षं झाली, घरात कामापुरतं बोलतात माह्यासंगं. मी सांगू शकली नाही. तुमचं नाव कसं घेऊ?"

रविवारी मी खापरखेड्याला गेले. तिला सुटी होती. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्या बाजूला वर्तमानपत्रातला आमचा तोच फोटो, चौकटीत. वडील आता कामावर जात नाहीत, खोकला आहे. मला पाहून ते धडपडत उठले, एकुलती खुर्ची पुसली आणि लेकीला चहा ठेवायला सांगितलं. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसले असते तर जमलं नसतं. सगळं सांगितलं. बसच्या पायऱ्या. जर्सी. डॉक्टरांसमोरचं खोटं. तिने माझ्यापासून काही लपवलं नव्हतं, चूक तिची नव्हती, माझी होती, असं स्पष्ट शब्दांत दोनदा म्हणाले.

ते ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, झालं, पोचलं. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, तुम्ही बहुत मोठ्या मनाच्या आहा," ते म्हणाले. "पोरीसाठी इतक्या दूर येऊन खोटं बोलून राहिल्या."

"खोटं नाही हो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं."

"तुम्हाले माहीत असतं तं तुम्ही तिले खेळू देल्लं असतं का?" त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "इतक्या पोरी घडवल्या तुम्ही. डॉक्टरसमोर तुम्हीच म्हटलं होतं, आधी काही नव्हतं म्हणून. तवा तुम्हाले माहीत होतं तेच बोलल्या, आज तिच्या मायेनं बोलून राहिल्या. मी काय समजत नाही का?"

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. जितकं अधिक सांगावं तितके ते हात अधिक घट्ट जोडत होते. आयुष्यभर कमावलेलं नाव त्या खोलीत माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभं होतं, ते मला हलवता येईना. मला स्वतःची शिसारी आली.

ती चहा घेऊन दारात आली होती. वडिलांनी मान वळवली आणि माझ्यादेखत तिला म्हणाले, "पाह्य वं, पाह्य जरा मॅडमकडं. तू त्याइले फसवलं, अन् त्या अजूनही तुह्यासाठी पाप आपल्या अंगावर घेऊन राहिल्या."

तिने कप माझ्यापुढे ठेवला. माझ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं नाही. मी अजून काही तरी बोलायला तोंड उघडलं होतं. तिने मान हलवली, नको म्हणून.

"चहा घ्या मॅडम," ती म्हणाली. "बस निघून जाते तुमची."