ताळा राहिलाय

“थांबा जरा. ताळा राहिलाय की.” असं म्हणताना माझे एक जुने सहकारी डाव्या हाताचं एक बोट वर धरायचे. ते बोट खाली येईपर्यंत समोरचा माणूस, मग तो मॅनेजर का असेना, मुकाट उभा राहायचा. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. असेल तर त्याला जपा.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका कापड गिरणीत आम्ही दोघं शेजारशेजारच्या टेबलांवर कारकून होतो. कोणत्या मागावर किती मीटर कापड निघालं याचा रोजचा तक्ता ते करायचे. विणकरांची मजुरी त्यावर ठरायची, म्हणून प्रत्येक गणिताचा ताळा ते समासात शाईच्या पेनाने करत. मी त्यांची भरपूर टिंगल करायचो. “चहाच्या कपांचाही ताळा करा,” म्हणालो, तर त्यांनी हसत हसत खरंच कप मोजले.

जेऊरकडच्या शेतकऱ्याचा हा मुलगा नोकरी करता करता बी.कॉम. झाला आणि एका नामांकित व्यवस्थापन संस्थेच्या प्रवेश परीक्षेला पुण्याला जाऊन बसला. त्यांची निवड आम्ही गृहीतच धरली होती. पत्र आलं ते नकाराचं.

“पेपर अवघड होता का?” मी विचारलं.

“न्हाय. लई सोपा होता. पण निम्माच झाला.”

“का?”

“ताळा करत बसलो.”

मी कपाळावर हात मारला. मिनिटाला एक गणित उरकायचं अशी ती परीक्षा, आणि हे गृहस्थ प्रत्येक उत्तर उलटं तपासत बसले होते!

पुन्हा बसावं की नाही, यावर ते महिनाभर घुटमळले. अठ्ठाविशी उलटली होती. घरचे लग्नासाठी आणखी एक वर्ष थांबले नसते, म्हणजे ही शेवटचीच संधी. फॉर्म आणून त्यांनी खणात ठेवला. “ताळ्यातनं हात सुटला तरच भरणार,” म्हणाले.

मग जेवणाच्या सुट्टीत सराव सुरू झाला. मी गजराचं घड्याळ घेऊन समोर बसायचो. त्यांचा हात समासाकडे वळला की टेबलावर पट्टी आपटायचो. तीन आठवड्यांत त्यांचा अख्खा पेपर वेळेत व्हायला लागला. मी तर खूशच झालो.

आणि एके सकाळी राजय्या त्यांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. तेलुगू घरातले, जुने विणकर.

“सायेब, काल माजं कापड लई कमी लागलंय की.”

तक्ता काढला. एक आकडा चुकला होता, आणि समास कोरा होता. त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी चूक दुरुस्त केली, माग खात्यात गेले आणि सगळ्यांदेखत राजय्यांपुढे हात जोडले. राजय्याच ओशाळले. “आसं काय करताय, सायेब!” मी मागे उभा होतो. पट्टी आपटणारा मीच, पण हात जोडायचं मला सुचलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

आता फॉर्म फाटणार, असं मी धरून चाललो. त्यांनी तो त्याच दुपारी भरायला घेतला.

“दोन्ही जमलं पायजे,” ते म्हणाले. “पेन हातात आलं की ताळा. पेन्सिल आली की पळायचं.”

त्यानंतर सराव पेन्सिलीने आणि तक्ता पेनाने. एकदाही गल्लत झाली नाही. हुशार माणसं मी पुष्कळ पाहिली, पण एकाच हाताला असं दोन्हीकडे वळवणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

त्यांची निवड झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी ते पेन माझ्या टेबलावर ठेवलं. “तक्ता आता तुज्याकडं आलाय. ह्ये हितंच राहू दे.”

दुसऱ्या दिवशी राजय्या दारात आले.

“सायेब गेले व्हय? मग ताळा कोण करतंय?”

“मी.”

“केलाय?”

तक्ता घेऊन शिपाई मॅनेजरकडे निघाला होता. मी तो परत मागून घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि राजय्यांसमोर डाव्या हाताचं बोट वर धरलं.