जाऊबाईंचा वांग्यांचा वाफा

आई गेली त्या वर्षी मी बाबांना वरवट बकालहून माझ्या सासरी, अमडापूरला घेऊन आले. मी त्यांची एकुलती एक. माझ्या नवऱ्यानेच पुढाकार घेतला होता, तरी लेकीच्या घरात बाबा अवघडलेलेच असायचे. चहाचा कप पुढे केला तरी आधी जावयाकडे बघायचे. आल्यावर थोड्याच दिवसांत मला म्हणाले, "मी काई बसून नाई खानार, बाई. मांगची जागा देतं का मले?"

मागची जागा म्हणजे घरामागची जमिनीची पट्टी. वाटणीत ती आम्हाला आणि मोठ्या दिरांना अर्धी-अर्धी आली होती. मध्ये भिंत नव्हती, नुसता वीतभर उंचीचा बांध. पलीकडे जाऊबाई वांगी-मिरच्या लावायच्या. आमच्या बाजूला गवत माजलं होतं.

बाबांनी त्या हिवाळ्यात तिथं काय केलं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. त्यांच्या गावाकडचं पाणी खारं, त्यात भाजीपाला नीट धरत नाही. इथल्या विहिरीचं पाणी चाखून ते लहान मुलासारखे हसले होते. सकाळी कानाला मफलर गुंडाळून निघायचे. ओल्या मातीचे वाफे पाडले, मेथी फेकली, सांबार म्हणजे कोथिंबीर पेरली, लसणाच्या पाकळ्या एकेक करून दाबल्या. तुरीच्या काड्यांचा मांडव करून त्यावर वालाचे वेल चढवले. थंडी फार पडली की रोपांवर पोती टाकायची, ऊन आलं की काढायची. पहिली जुडी ते स्वतः जाऊबाईंच्या दारात नेऊन देत. मला तेव्हा किती मोठं वाटायचं! माझा बाप कुणाच्या जिवावर बसलेला नाही, असं न बोलता सगळ्यांना सांगता येत होतं.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं विसरणं सुरू झालं. पेरलेल्याच वाफ्यात पुन्हा मेथी पेरायची, विहिरीवरची मोटर चालू ठेवून घरात येऊन बसायचं. वय झालं, म्हणून मी सोडून देत होते.

जाऊबाईंना नातू झाला होता आणि त्यांनी देवीला रोडग्यांचा नवस बोलला होता. पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले कणकेचे जाड रोडगे आणि सोबत वांग्याची भाजी. भाजीला घरचीच वांगी घालायची, असं त्यांच्या मनात होतं. त्यांचे वांग्यांचे दोन्ही वाफे नुसते लगडले होते.

कार्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांची हाक आली. "काऊन वं, माह्या वाफ्यात कोन गेलं होतं?"

मी पोळपाट-लाटणं तसंच टाकून मागे धावले. वांग्याची सगळी झाडं मुळासकट उपटून बांधावर रचून ठेवलेली. फुलं, कोवळी वांगी, सगळं त्याच्यावरच. आणि दोन्ही वाफ्यांत कांद्याचं रोप लावलेलं, इतकं सरळ, की दोरी धरून लावल्यासारखं. बाबा उकिडवे बसून शेवटच्या ओळीला पाणी देत होते.

"बाबा, हे काय केलं?"

"हंगाम सरला नं वांग्याचा. वाफा मोकळा केला. आता नाई लावला त कांदा लहान राह्यते." मग जाऊबाईंकडे बघून खुशीत म्हणाले, "बाई, तुमचंई काम करून टाकलं."

जाऊबाईंच्या माहेरची माणसं मागच्या दारात येऊन उभी होती. कुणीतरी हळूच विचारलं, "हे कोन?" आणि उत्तर आलं, "तिचा बाप. इथंच राह्यतो." त्या 'इथंच राह्यतो'नं माझं तोंड भाजल्यासारखं झालं. पहिल्या हिवाळ्यात जे काही मी मिरवलं होतं ते सगळं तिथं बांधावर उपटून पडलेलं होतं. मी जाऊबाईंचे हात धरले. "ताई, मी आत्ता बाजारातून वांगी आणते. चुकलं हो त्यांचं, त्यांना कळत नाही आता."

'कळत नाही' हे शब्द बाबांनी ऐकले. त्यांनी बांधावरच्या ढिगाकडे पाहिलं, एक झाड उचललं, त्याला लागलेलं वांगं हातात घेतलं. काय झालं ते त्या क्षणी त्यांना उमगलं. हाताला माती होती तशीच त्यांनी टोपी काढली आणि माझ्या जावेपुढे वाकले. "पोरीले काई बोलू नका, बाई."

जाऊबाई मागे सरल्या. "काका, असं काऊन करता? उठा." त्यांचा राग कुठच्या कुठे गेला होता, पण मला तो हवा होता. त्या ओरडल्या असत्या तर मी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं आणि फिटलं असतं.

बाबा दिवसभर खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी पंगतीला बोलवायला जाऊबाई स्वतः आल्या तेव्हा मात्र लगेच उठले, धोतर बदललं, केस विंचरले. कालचं त्यांना काहीही आठवत नव्हतं. पंगतीत मजेत जेवले. मी पाणी वाढत होते. त्यांनी रोडगा कुस्करून त्यात भाजी कालवली, एक घास खाल्ला आणि मोठ्यानं विचारलं, "वांगे कोनाच्या वावरातले हो? चव नाई त्याईले."

सगळी पंगत थांबली. एक तरुण पाहुणा फिसकन हसला.

"बाजारातले हायेत, काका," जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आणखी तूप ओतलं.

बाबांना लाजेतून सुटका मिळाली होती. ती लाज आता सगळी माझ्या एकटीच्या वाट्याला आली होती, आणि ती कुणापुढे टाकावी हे मला कळत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नवऱ्यानं बांधावर तारेची जाळी ठोकली. जाऊबाई नको नको म्हणत होत्या, पण मीच लावून घेतली. आता सकाळी मी बाबांबरोबर मागे जाते. ते खुरपतात, मी वेचलेलं गवत टोपलीत भरते. कधी त्यांचं खुरपं लसणावर जातं, मग मी त्यांचा हात हळूच बाजूला घेते. ते रागावत नाहीत.

जाळीजवळ आले की मात्र ते रोज थांबतात. तार हातानं चाचपून बघतात.

"हे कायले लावलं, बाई? ढोरं येतात का आत?"

पलीकडे जाऊबाई भांडी घासत असतात. त्यांना ऐकू जातं.

"हो बाबा," मी म्हणते. "ढोरं येतात."