डायनामोला घातलेलं तेल

दोन वर्षं मी भैरीबुवाच्या देवळाची पायरी चढलो नाही. लोक म्हणायचे, ड्रायव्हर नास्तिक झाला. नास्तिक कसला डोंबलाचा, मी रुसलो होतो.

रत्नागिरीत एका वकिलांच्या मोटारीवर मी होतो. बायको गावी बाळंतपणाला गेलेली. दोन दिवस अडली, सुईणीने हात टेकले, तेव्हा वकीलसाहेबांनी मोटार दिली आणि मी तिला इस्पितळात न्यायला निघालो. हातखंब्याच्या पुढे उघड्या कातळाच्या सड्यावर, भर दुपारी, मोटार आचके देत बंद पडली. बॅटरी पार उतरलेली. तारा आवळल्या, पट्टा ताणून बघितला, दोष काही सापडेना. मागे माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती पडली होती. तिचं कण्हणंही आता ऐकू येईना. गाऱ्हाणं घालायचं सोडून मी देवाला शिव्या घातल्या, अगदी नाव घेऊन.

इतक्यात वाटेने एक म्हातारे मुसलमान चाचा आले. उमर आगबोटीच्या इंजिनात गेलेली. उघडं बॉनेट बघून थांबले नि म्हणाले, “चार्जिंगचा काटा काय सांगत होता?”

काटा सकाळपासून उण्याकडेच होता, पण माझं लक्ष होतं कुठे!

“मग बॅटरीला कशाला बोल लावतोस? तिला भरणाराच झोपलाय.” त्यांनी डायनामोवरची झाकणपट्टी सोडली. आतलं तांबं काळ्या चिकट राडीने माखलेलं. “हे तेल कोणी घातलं?”

मीच. खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून आठवड्यापूर्वी, दसऱ्याच्या पूजेला, भक्तिभावाने खोबरेल ओतलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अरे बाबा, ही जागा कोरडीच ठेवायची,” एवढंच बोलून चाचांनी पेट्रोलात फडकं भिजवून ते तांबं लख्ख पुसलं. मागून बायकोचा क्षीण आवाज आला, “अहो, त्यांना पाणी द्या. उन्हातून आलेत.”

चाचांनी उतारावर ढकलली, मी गिअर टाकला, इंजिन सुरू झालं आणि काटा अधिकाकडे गेला. उजेड असतानाच इस्पितळात पोचलो. मुलगी झाली. बायको दोन दिवस जगली.

दोनच दिवस द्यायचे होते, तर चाचांना पाठवलंस कशाला? हाच माझा रुसवा.

मग एकदा मुलीला भरवता भरवता आई म्हणाली, “त्या दोन दिवसांत तिने पोरीला खाली ठेवलं नाही रे. नर्सबाई ओरडल्या, जरा झोप म्हणून. तर म्हणे, झोपले तर हिला बघायचं राहील.” मी औषधांसाठी धावत होतो, मला पत्ताच नव्हता. तिला सगळं कळलं होतं. मी ढसाढसा रडलो. ते दिवस मी माझे समजून मोजत बसलो होतो. ते तिचे होते, आणि तिने ते पुरेपूर घेतले.

दुसऱ्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन देवळात गेलो. हात जोडले, मागायला काही सुचेना. “ती तुझ्याकडे आहे,” इतकंच म्हणालो, “पोरीला मी बघतो. तिच्या आईला आता झोपू दे.”