आधीच ठरलेली खेळी

भिंगरीची पन्नाशी उलटली, केस पिकले, घरात जावई आला, तरी भिंगरी हे नाव काही सुटलं नाही. ते थोरल्या भावाने ठेवलं होतं. बुद्धिबळही त्यानेच शिकवलं. ही हातातलं प्यादं खाली ठेवायच्या आधीच दुसऱ्या सोंगटीला हात घालायची. तेव्हा तो आईला सांगायचा, की हिचं डोकं खेळत नाही, बोटं खेळतात.

आता दादा दुसऱ्या गावी असतो. रविवारी सकाळी दोघं मोबाइलवर डाव मांडतात, प्रत्येकाला अर्धा तास. तशी भिंगरी ऑनलाइन खेळात मुरलेली. अनोळखी लोकांशी झटपट डाव खेळून तिने भल्याभल्यांना घाम फोडला आहे. पण तिथले तिचे गुण कित्येक वर्षं एकाच जागी ठाण मांडून बसले होते आणि दादापुढे तर तिची डाळच शिजत नव्हती. हरण्याचं तिला एवढं वाईट वाटत नसे. पण हिला हरवता हरवता दादा पेपर वाचतो, कुंड्यांना पाणी घालतो, हे वहिनी कौतुकाने सांगायची आणि ते हिच्या मनाला लागायचं. जिंकू नाही तर नाही, पण एकदा तरी दादाला आपल्यासमोर विचार करत बसवायचं, एवढा एकच हट्ट तिने धरला होता.

भिंगरी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येतात, त्यावरून साचे करायचे, मेणात एकेक दात बसवायचा, असं ते काम. एखादी कवळी टोचते म्हणून परत आली, की हीच बाई एकदम गोगलगाय होते. दोन्ही साचे समोरासमोर बसवते, मध्ये निळा कागद धरून दात मिटवते आणि जिथे गडद डाग उमटेल तेवढंच घासते. घाईने जास्त घासलं तर अख्खी कवळी वाया जाते, हे तिला पक्कं ठाऊक. घरी मात्र डाव हरली की रागारागाने लगेच पुढचा सुरू करायची.

तिचा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या चुका शांतपणे बघायची त्याला सवय आहे. एका रविवारी ती पुन्हा हरून बसली होती, तेव्हा तो म्हणाला, "अगं, परत आलेल्या कवळीकडे तू दुपारभर बघत बसतेस आणि हरलेल्या डावाकडे ढुंकूनही बघत नाहीस. माझ्या शिकाऊंनी असं केलं, तर रोज त्याच खांबाला धडकतील."

त्याचं बोलणं खरं होतं, म्हणून तिला जास्तच झोंबलं. संध्याकाळपर्यंत ती त्याच्याशी धड बोलली नाही. पण मग तिने झटपट डाव बंद केले आणि दादाशी हरलेले डाव एकेक करून उघडले. आपला रेकॉर्ड केलेला आवाज ऐकताना होतं, तसं तिला अवघडल्यासारखं झालं. दादाचा वजीर तिच्या बाजूला आला रे आला, की ही कडेचं प्यादं पुढे ढकलून त्याला हुसकायची. दर डावात तेच. वजीर मागे जाऊन कोपऱ्याजवळच्या त्याच घरात बसायचा आणि दादाच्या घड्याळातला एक सेकंदही खर्च होत नसे.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ऑनलाइन खेळात समोरच्याची पाळी चालू असतानाच आपली पुढची खेळी लावून ठेवता येते. समोरच्याने काहीही खेळो, ती आपोआप होते. दादा ती खेळी आधीच लावून मोकळा होत होता. हिने काय खेळलं हे बघायचीही त्याला गरज वाटत नव्हती. तिला आधी रडू आलं. मग स्वतःचंच हसू आलं, कारण तो चुकत कुठे होता?

पुढच्या रविवारी वजीर आला. बोट आपसूक प्याद्याकडे निघालं. तिने हात मांडीखाली दाबला आणि पट न्याहाळला. उंट एक घर सरकवला, तर कोपऱ्याजवळचं ते घर त्याच्या तिरक्या वाटेत येत होतं. दादा खरंच बघत असेल, तर वजीर दुसरीकडे नेईल, पण तरी उंट तिथे चांगलाच होता. तिने हे दोनदा तपासलं. मगच उंट सरकवला.

वजीर आपोआप त्या घरात जाऊन बसला. भिंगरीने तो मारला. थोड्या वेळाने दादाने डाव सोडला आणि फोन वाजला.

"उंट कधी आला तिथे?"

"तू बघत नव्हतास तेव्हा."

मग तिने त्याला सगळं सांगितलं, जुने डाव कसे उघडले तेही. दादा चिडेल असं तिला वाटलं. पण तो म्हणाला, "पुन्हा मांड. थांब जरा, चष्मा आणतो."

फोन चालूच ठेवून दोघांनी दुसरा डाव मांडला. त्यात भिंगरी सपशेल हरली. पण अर्ध्या डावात तिने एक घोडा पुढे टाकला आणि दादाचं घड्याळ पळत राहिलं, तरी त्याची खेळी येईना. पलीकडून वहिनीने त्याला कशाला तरी हाक मारली.

"आत्ता नको," दादा तिला म्हणाला, "हिने काय केलंय ते मला आधी नीट बघू दे."