होडी उचलणारी माणसं

भोरच्या दुकानात पेट्रोलचा वास आला आणि मला एका जागी बसवेना. मुलगा मोठी होडी आणि तिला मागं लावायचं पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन बघत होता.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मामंजी धरणाकाठी अशीच होडी निवडत होते. विकणारा म्हणाला, मोठीच घ्या.

"इंजिन पान्यात वढतंय, चिखलात न्हाई," मामंजी म्हणाले. "पानी खाली गेलं की होडी उचलून न्यायची. मी, ही दोन पोरं..." मग त्यांची नजर माझ्या हिरव्या चुड्यावर आली. "आन् ही चौथी."

मी लई चिडले होते. सून आणली का हमाल?

आता मुलगाही होडी उचलायला सोबत आलेली घरची माणसं बोटानं मोजायला लागला. मी हातातली पिशवी खाली ठेवली. त्याचं बोट माझ्यावरून न थांबता पुढं गेलं.