अण्णांना सांगितलेला अर्थ

दुपारचे अडीच वाजले आहेत. मी आडवी झाले आहे, पण डोळा लागत नाही. सकाळी बारावीच्या वर्गात एका मुलीने ‘डिसइन्जेन्युअस’ या शब्दाचा अर्थ विचारला आणि तो शब्द माझ्या मागोमाग घरापर्यंत आला आहे.

मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवते. मुलीला मी अर्थ नीट सांगितला. “खरं काय ते माहीत असून माहीत नसल्याचा आव आणणारा. वरून साधा, आतून हिशेबी. मराठीत साळसूद म्हणतो ना आपण, तसा.” मग फळ्यावर शेजारी दुसरा शब्द लिहिला, ‘इन्जीनिअस’. म्हणजे कल्पक, हुशार. “ह्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. दिसायला सारखे दिसतात म्हणून गल्लत करू नका,” असं म्हणताना माझा आवाज इतका चढला की पहिल्या बाकावरच्या मुली दचकल्या.

पंखा फिरतो आहे. त्याची घरघर हळूहळू जड होते, जमिनीतून यायला लागते. हा पंप आहे. उशी गार लागते, मग ती उशी राहत नाही, ओला दगड होते. मी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसले आहे.

अण्णा वर कठड्याशी उभे आहेत. माझे वडील, निवृत्ती गुरव. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि हे मला इथेही माहीत आहे. त्यांच्या हातात काचेची नळी आहे. ती उजेडाकडे धरून ते पाण्याचा रंग बघतात, जसे रोज बघायचे. आमच्या गावाला पाणी शुद्ध होऊन जायचं ते त्यांच्या हातून. सोळा वर्षं.

“शैले, आलीस? वर ये. कागद आणलायस का?”

कागद माझ्या हातात आहे. कधी आला कळलं नाही. मला तो न उघडताही माहीत आहे.

मी आठवीत असतानाची गोष्ट. गावात कावीळ पसरली. वरच्या पेठेत दोघं दगावले. क्लोरीन संपून दोन महिने झाले होते. अण्णांनी तीनदा नगरपालिकेतल्या साहेबांना जाऊन सांगितलं होतं, आणि साहेबांनी तिन्ही वेळा सांगितलं होतं, “चालू ठेव तसंच. वहीत लिहू नकोस.” चौकशी लागली तेव्हा साहेब म्हणाले, मला कुणी काही सांगितलंच नाही. अण्णांनी आपला खुलासा मराठीत लिहून दिला. चौकशीचा अहवाल आला तो इंग्रजीत. वर मराठीत दोन ओळी होत्या: काही म्हणणे असल्यास सात दिवसांत लेखी द्यावे.

आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटी. त्याच वर्षी मला इंग्रजीत पहिलं बक्षीस मिळालं होतं. अण्णांनी कागद माझ्यापुढे ठेवला. मुख्य वाक्य एकच होतं: साहेबांना तोंडी सांगितल्याचा गुरव यांचा खुलासा ‘डिसइन्जेन्युअस’ आहे. मला ‘इन्जीनिअस’ येत होता. त्याच्या आधी ‘डिस’. मी क्षणभरही अडखळले नाही.

“तुम्ही जे लिहिलंय ते फार हुशारीचं नाही, असं म्हणतायत.”

अण्णा हसले होते. “एवढंच ना? मग खरंच आहे की. सातवी शिकलेला माणूस मी.” आणि त्यांनी त्याच संध्याकाळी खाली लिहिलं, ‘वरील म्हणणे मान्य आहे.’ सही केली.

“वाच ना,” अण्णा आता म्हणतात. “तो शब्द परत वाच. काय म्हणतायत ते?”

मी तोंड उघडते. मला सांगायचं आहे की अण्णा, ते तुम्हाला खोटारडे म्हणतायत. तुम्हाला सगळं ठाऊक होतं आणि आता भोळेपणाचा आव आणताय, असं म्हणतायत. सगळे शब्द जिभेवर तयार आहेत.

“तुम्ही हुशार नाही म्हणतायत,” माझं तोंड म्हणतं.

“हं. ते सांगितलंयस तू. दुसरं सांग.”

“दुसरं नाही अण्णा, हेच चुकीचं आहे. त्याचा अर्थ...” मी पुन्हा जोर लावते. “त्याचा अर्थ, तुम्ही हुशार नाही.”

अण्णा मान डोलावतात. चिडत नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. मीच चिडते. मी पायरीवर पाय आपटते आणि पाय फरशीवर पडतो. हा माझा वर्ग आहे. बाकं रिकामी. पहिल्या बाकावर अण्णा बसले आहेत, गुडघे बाकाखाली मावत नाहीत म्हणून बाजूला वळवलेले. बंडी घामाने पाठीला चिकटलेली. पुढ्यात माझी आठवीतली वही.

“बोलता येत नसेल तर लिही,” ते म्हणतात.

मी खडू उचलते. ‘खोटारडा’ लिहिते. फळ्यावर काही उमटत नाही. ‘लबाड’ लिहिते. ‘ढोंगी’. ‘साळसूद’. खडू झिजतो, हात पांढरा होतो, फळा मात्र धुतल्यासारखा काळा. मागून अण्णा वहीत काहीतरी उतरवून घेतायत, ते पेन्सिलीच्या आवाजावरून कळतं.

“अण्णा, काय लिहिताय? फळ्यावर काहीच नाही!”

“तू सांगितलेलं लिहितोय.”

मी वळून वहीत बघते. पानभर त्यांच्या गोल, सावकाश अक्षरात एकच ओळ आहे: हुशार नाही. हुशार नाही. हुशार नाही.

“अहो, खोडा ते!”

“तुझं कधी चुकतं का? बक्षीस मिळालंय तुला.”

हेच ते सगळ्यांना सांगायचे. पानाच्या दुकानात, देवळात, रस्त्यात भेटेल त्याला. माझ्या शैलीनं कागद वाचून दिला, माणूस लावायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या जाड डिक्शनरीत मी सहज तो शब्द काढून बघितला होता. उभ्या उभ्या कानशिलं तापली होती. सात दिवसांतले अजून सहा बाकी होते. घरी जाऊन म्हणायचं होतं, “अण्णा, माझं चुकलं, नवीन अर्ज द्या.” मी घरी गेले. अण्णा शेजारच्यांना माझं कौतुक सांगत होते. मी दप्तर ठेवलं आणि जेवायला बसले. तो दिवस गेला, मग दुसरा गेला. मग सहाही गेले.

अण्णांना कामावरून काढलं. गाव म्हणायला लागलं, ह्यानंच पेठेला पाणी पाजलं, कबूलही केलं लेखी. त्यानंतर ते एका मंगल कार्यालयावर रखवालदार होते, शेवटपर्यंत. वरच्या पेठेतल्या लग्नाला जेवायला कधी थांबले नाहीत.

“गुरव!” कुणीतरी हाक मारतं. वर्गाचं दार उघडतं आणि बाहेर नगरपालिकेचा व्हरांडा आहे. टेबल, टेबलावर तो कागद. अण्णा बाकावरून उठतात आणि दोन पावलांत टेबलाशी पोचतात. पेन उघडतात.

“थांबा!” मी धावते. “सही करू नका. अजून दिवस बाकी आहेत.”

“किती?”

“सहा.”

“मग एवढी घाई कशाला करतेस?” असं म्हणून ते वाकतात. पेनाचं टोक कागदाला लागतं. मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरते. ते बारीक झालेलं मनगट, दवाखान्यात शेवटी होतं तसंच. मी जीव खाऊन धरते आणि पेन तरी सरकत राहतं. नि... वृ...

“मला कळलं होतं, अण्णा!” हे मात्र तोंडातून निघतं, अगदी स्पष्ट. “दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही. मला लाज वाटली.”

पेन थांबतं. ते माझ्याकडे बघतात.

“तुम्हाला कळलं होतं का?” मी विचारते. इतकी वर्षं हेच विचारायचं होतं. “नंतर कुणी सांगितलं असेल ना त्याचा अर्थ? पोस्टातल्या कुणी? वकिलांनी? तुम्हाला माहीत होतं ना की माझं चुकलं?”

“काय माहीत होतं?” अण्णा म्हणतात.

चेहरा अगदी कोरा. त्या चेहऱ्यात मी शोधते. खरंच माहीत नाही, की माहीत आहे आणि माझ्यासाठी माहीत नसल्यासारखं करतायत? ‘इन्जेन्युअस’, म्हणजे खरोखरच निष्कपट, की ‘डिसइन्जेन्युअस’? मी वर्गात अर्थ सांगते, वाक्यात उपयोग करून दाखवते, पेपर तपासताना गुण कापते. माझ्या बापाच्या चेहऱ्यावर यातलं कुठलं आहे, हे मला वाचता येत नाही.

“अण्णा, खरं सांगा!”

“काय सांगू?” ते पुन्हा तसंच म्हणतात आणि खाली वाकून सही पुरी करतात. मी अजून धरलेलंच आहे. माझी नखं रुतलेली मला दिसतात. ते हात सोडवून घेत नाहीत. दुखतंय असंही म्हणत नाहीत.

मी ओरडते, आणि ओरडण्याचा आवाज घशात घरघरून थांबतो. पंखा आहे. छत आहे. तीन वाजून वीस मिनिटं.

माझा उजवा हात डाव्या मनगटावर आवळलेला आहे. बोटं एकेक करून सोडवावी लागतात. खाली चार लाल वळ, आणि नखांच्या चार खुणा, त्यातल्या एकीला रक्ताचा थेंब.

बाहेरच्या खोलीत आई मेथी निवडत बसली आहे. अण्णा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. मी पाणी प्यायला जाते तेव्हा तिची नजर माझ्या हातावर जाते.

“अगं, हे काय झालं? कुणी धरलं एवढं?”

आता सांगावं. आत्ता, वळ ताजे आहेत तोवर. आई, तो कागद मी चुकीचा वाचला होता. एवढं एक वाक्य. मी तांब्या खाली ठेवते. शब्द जिभेवर येतो, अगदी पुढपर्यंत.

“कुणी नाही गं,” मी म्हणते. “झोपेत बांगडी रुतली असेल.”

आई माझ्या मनगटाकडे बघते. मी कित्येक वर्षांत बांगडी घातलेली नाही. ती खाली बघून पुढची जुडी सोडते.