तात्पुरतं छप्पर

मुलांनो,

मळवलीच्या घराचा जो फोटो तुम्ही मला पाठवलात, त्यात छप्पर नाही. ते कधी काढलं, असं तुम्ही विचारलंत. काढलेलं नाही. आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी दिवाळीत येऊन फोटो काढून गेली. छप्पर तिने कॉम्प्युटरवर पुसलं. म्हणून हे आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर फोटोच खरा ठरेल.

हे घर तुमच्या आजोबांनी स्वतः आखलं. कारखान्यात तयार झालेली वस्तू सुंदर असू शकते, किंबहुना तीच सुंदर असते, असं त्यांचं मत होतं आणि ते जेवतानाही सांगत. म्हणून खिडक्या लोखंडी, खुर्च्या वाकवलेल्या पाइपच्या आणि वर सपाट गच्ची. कौलांचं नावही काढायचं नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात गच्ची गळू लागली. दरवर्षी ते वर डांबर ओतवून घेत आणि दरवर्षी मी खाली बादल्या मांडत असे.

घर राखणारे आबा शेजारच्या खाचरात भात लावत. ते म्हणाले, "सायेब, डोक्यावर इरलं घेतल्याबिगर आमी पावसात उतरत न्हाई. आन् एवढं मोठं घर तुमी उघडंबोडकं हुबं केलंय."

"आबा, ती इमारत आहे. माणूस नाही."

"व्हय, म्हून तर तिला आडोशाला पळता येत न्हाई."

दोन वर्षं आजोबांनी ऐकलं नाही. मग एका ऑगस्टमध्ये कपाटावर पाणी गळलं आणि घराचे मूळ नकाशे भिजले. ते त्यांनी चिमटे लावून दोरीवर वाळत घातले. गच्चीचा नकाशा सर्वांत शेवटी वाळला. तो गुंडाळून ते आबांना म्हणाले, "पत्रे आणा. पण तात्पुरते."

सांगाडाही त्यांनीच आखला. पाइप खुर्च्यांसारखेच, वेल्डिंग कुठेही नाही, सगळं नट-बोल्टवर. पावसाळा संपला की उतरवायचं. पहिल्या दसऱ्याला दोघांनी ते उतरवलं, दुसऱ्यालाही. तिसऱ्या वर्षी आजोबांचे गुडघे दुखत होते. पुढे दर दसऱ्याला ते पाना घेऊन अंगणात उभे राहत, वर बघत आणि म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की."

"व्हय सायेब, घाई न्हाई," आबा म्हणत.

आता आजोबा नाहीत. एका दिवसापुरतं छप्पर काढता येईल का, असं त्या मुलीने विचारलं, तेव्हा आबांनी तोच पाना लावून पाहिला. बोल्ट गंजून बसलेत.

छप्पर शाबूत आहे. त्याखाली सपाट गच्ची आहे. नकाशे कपाटात आहेत, कोरडे.